ब्रुसेल्सची एक जुनी अडत

मोटारीचा इतिहास सांगायला कोणी बसले, की फोर्ड, बेंझ, रेनो अशी नावे ओळीने पुढे येतात. ही सारी मंडळी गाड्या बनविणारी. परंतु कारखान्याच्या दारातून निघालेली गाडी परमुलखातील गिऱ्हाइकाच्या अंगणात उभी राहीपर्यंत मध्ये आणखी एक मनुष्य असतो. तो ती गाडी बोटीतून किंवा आगगाडीतून उतरवून घेतो, जकात भरतो, कागदपत्रे करतो, सुट्या भागांचे कोठार राखतो, मोडतोड झाली की दुरुस्तीची सोय करतो, आणि एवढे करून गाडीवर नाव मात्र दुसऱ्याचेच असते. आपल्या बाजारपेठेच्या भाषेत त्याला अडत्या म्हणावे. काटेकोर बोलायचे तर अडत्या दुसऱ्याचा माल विकून शेकड्यामागे आपला हिस्सा घेतो, तर हा गृहस्थ माल स्वतःच्या पैशाने विकत घेऊन मग विकतो. पण लोकांच्या मनात दोघांची पायरी एकच. धान्याचा भाव पडला तरी अडत्या जगतो, असे शेतकरी म्हणतो, आणि त्या म्हणण्यात कौतुकापेक्षा कडवटपणाच अधिक असतो.

श्रोतेहो, आज मी आपणांस ज्या अडतीची हकीकत सांगणार आहे ती धान्याची नव्हे, गाड्यांची आहे. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथे दियेतेरेन नावाची एक पेढी आहे. परदेशी मोटारी आणि मालवाहू गाड्या देशात आणून विकणे हा तिचा गेल्या नव्वदांहून अधिक वर्षांचा मुख्य धंदा. पण पेढीचे वय त्याहून पुष्कळ मोठे आहे. तिचा आरंभ १८०५ सालचा. त्या साली बेल्जियम नावाचे राष्ट्रच अस्तित्वात नव्हते. ब्रुसेल्सवर नेपोलियनचे राज्य होते. १८१५ साली त्याच शहराच्या सीमेपलीकडे, वॉटर्लूच्या शेतांत, नेपोलियनचा पराभव झाला आणि तो मुलूख हॉलंडच्या राजाकडे गेला. १८३० साली लोकांनी उठाव करून स्वतंत्र राज्य स्थापले. म्हणजे ही पेढी आपल्या राष्ट्राहून पंचवीस वर्षांनी वडील झाली. तेव्हापासून आजतागायत ती एकाच घराण्याच्या हाती आहे.

ह्या घराण्याचा मूळपुरुष चाके करणारा कारागीर होता. आपल्या बैलगाडीचे चाक तयार होताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या धंद्याचे मर्म निराळे सांगायला नको. मधला तुंबा, त्यात घट्ट बसविलेले आरे, आऱ्यांवर घेराचे लाकडी तुकडे, आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. ती धाव भट्टीत लाल करून चाकावर चढवायची आणि पाणी ओतून एका क्षणात आवळून घ्यायची. माप केसभर चुकले, तर चाक पहिल्याच चढावावर खिळखिळे होते. युरोपातही चाक असेच बने. चाके करणाऱ्याचे पुत्र पुढे अवघ्या गाड्याच करू लागले, आणि ब्रुसेल्समधील श्रीमंतांच्या बग्ग्या त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या.

१८३५ साली ब्रुसेल्स ते मेखेलेन ह्या गावांच्या दरम्यान आगगाडी धावू लागली. युरोप खंडावर उतारूंसाठी सुरू झालेली वाफेची ही पहिली आगगाडी. तिच्यामुळे घोडागाडीचा धंदा बसेल, असे कोणालाही वाटावे. घडले ते उलटे. आगगाडी स्टेशनापर्यंत नेते, दारापर्यंत नेत नाही. स्टेशनावर उतरलेल्या माणसाला आणि मालाला पुढे न्यायला पूर्वीपेक्षा अधिक गाड्या लागू लागल्या. ह्या घराण्याच्या इतिहासात पुढे असे पुनःपुन्हा घडलेले दिसते. नव्या यंत्राने जुन्या धंद्याचा एक भाग खाल्ला, की उरलेल्या भागाला अधिक मागणी येते. तो उरलेला भाग कोणता, हे ज्याने वेळेवर ओळखले तो तरला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार आली. त्या वेळची मोटार आजच्यासारखी अखंड मिळत नसे. कारखानदार सांगाडा, म्हणजे ज्याला आपण चॅसिस म्हणतो तो, यंत्र आणि चाकांसह विकत असे. त्यावर बैठका, दारे आणि छत बांधून घ्यायला गिऱ्हाईक तो सांगाडा गाडीकारागिराकडे नेई. घोडागाड्या बांधणाऱ्यांना हे काम हातचेच होते. तेच सुतारकाम, तेच चामड्याचे काम, तेच रंगाचे थरावर थर. दियेतेरेन ह्यांनी हा धंदा जोमाने धरला, आणि १९०६ साली ब्रुसेल्सच्या इक्सेल भागात माय नावाच्या रस्त्यावर ते स्थायिक झाले. पेढीचे मुख्य ठाणे पुढेही त्याच रस्त्यावर राहिले.

मोटारीच्या बाबतीत ही पद्धत आता नाहीशी झाली असली, तरी मालमोटारीच्या बाबतीत ती आपल्याकडे अजून जिवंत आहे. कारखान्यातून निघालेला उघडा सांगाडा, वर नुसता चालक आणि डोक्याला फडके गुंडाळलेले, हमरस्त्यावरून जाताना आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यावर फळ्या, पत्रे आणि कमानी चढवून, वर नक्षी आणि सुभाषिते रंगवून ‘बॉडी’ बांधणारे कारागीर रस्त्यालगतच्या गावांत आजही भेटतात. शंभर वर्षांपूर्वी ब्रुसेल्समधील धनिकाची मोटार ह्याच रीतीने तयार होत असे. सुभाषिते तेवढी नसत.

ह्या कारागिरीचा अंत कारागिरांच्या चुकीने झाला नाही. अमेरिकेत पोलादी पत्रा प्रचंड दाबयंत्राखाली घालून एका ठोक्यात दार, एका ठोक्यात छत काढण्याची युक्ती निघाली. हाताने महिनाभर घडवायचे ते यंत्र दिवसाला शेकड्यांनी काढू लागले. पण त्या यंत्राचे साचे इतके महाग, की वर्षाला हजारो गाड्या खपल्या तरच ते परवडावेत. बेल्जियमसारख्या लहान देशातील कारखानदारांना तेवढी बाजारपेठ कोठून मिळणार? त्यातच १९२९ सालची जागतिक मंदी आली. अँटवर्पची मिनर्व्हा ही एकेकाळी राजेरजवाड्यांना गाड्या पुरविणारी कंपनी. ती १९३४ साली दिवाळखोरीत गेली. हेर्स्टालच्या एफ.एन. ह्या शस्त्रास्त्रांच्या कारखान्याने मोटारी करणे त्याच सुमारास सोडले. मिनर्व्हाची पुढची गत तर अधिक बोलकी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या नावाच्या कंपनीने ब्रिटिश लँड रोव्हरचे सुटे भाग आणून, जुळवून, बेल्जियन सैन्याला गाड्या पुरविल्या. ज्याने गाड्या घडविल्या तोही अखेर दुसऱ्याच्या गाड्या जुळवू लागला, आणि तरीही टिकला नाही. ब्रुसेल्सच्या मिएस आणि ब्रोसेल ह्या पेढ्या मालमोटारी आणि बसगाड्या बनवीत. त्याही आज नाहीत.

दियेतेरेन ह्यांनी ही दिशा आधी ओळखली. १९३१ साली त्यांनी स्टुडबेकर, पिअर्स-ॲरो आणि ऑबर्न ह्या अमेरिकन गाड्यांची बेल्जियमसाठी मुखत्यारी घेतली, आणि १९३५ साली स्वतःच्या हातांनी गाड्या बांधणे कायमचे बंद केले. एकशे तीस वर्षांचा वंशपरंपरागत धंदा बंद करण्याचा निर्णय त्या घरात कसा घेतला गेला असेल, हे मनात येते. सुताराची अवजारे खाली ठेवून जमाखर्चाची वही हातात घेणे, असाच तो पालट होता. त्या वेळी पुष्कळांना ही उतरण वाटली असेल. पुढे जे घडले ते पाहता मला ती शहाणपणाची वाटते, पण त्या शहाणपणाची किंमत कारागिरांनी मोजली, हेही विसरून चालणार नाही. दाबयंत्राने निघालेले दार विकायला सुतार लागत नाही.

स्टुडबेकर ह्या नावाशी एक चमत्कारिक साम्य जोडलेले आहे. तेही मूळचे गाडीवालेच. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील साउथ बेंड ह्या गावी १८५२ साली दोघा भावांनी लोहाराचे दुकान काढले आणि ते मालवाहू घोडागाड्या बनवू लागले. अमेरिकेच्या यादवी युद्धात सरकारच्या सैन्याला त्यांनी गाड्या पुरविल्या, आणि १९०२ पासून ते मोटारीकडे वळले. म्हणजे अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवरील दोन गाडीवाल्यांचा हा सौदा. फरक इतकाच की, एकाने बनविण्याचा मार्ग धरला आणि दुसऱ्याने विकण्याचा.

सौदा होऊन दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच, १९३३ च्या मार्चमध्ये स्टुडबेकर कंपनीचा कारभार न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकांच्या हाती गेला. तिच्या अध्यक्षाने त्याच वर्षी आत्महत्या केली. कंपनी त्यातून सावरली. दुसऱ्या महायुद्धात तिने सहा चाकांच्या लष्करी मालमोटारी सुमारे दोन लाख बांधल्या आणि त्यांतील बहुतेक रशियाला गेल्या. रशियन तोफखान्याचे अग्निबाण त्यांच्याच पाठीवरून सुटत, आणि त्या नावाला तिथल्या सैनिकांच्या बोलीत घरगुती लघुरूपही मिळाले. एवढ्या मोठ्या पराक्रमानंतर १९६३ च्या डिसेंबरात साउथ बेंडचा कारखाना बंद पडला. कॅनडातील शाखा १९६६ साली. पिअर्स-ॲरो १९३८ सालीच संपली होती, ऑबर्न तिच्याही आधी. १९३१ साली ब्रुसेल्सच्या पेढीने ज्या तीन धन्यांचा माल उचलला, त्या तिघांचीही नावे आज फक्त संग्रहालयांत आहेत, आणि माल उचलणारा अजून दुकान उघडून बसला आहे.

ह्याचे कारण उघड आहे. बनविणाऱ्याचे भांडवल साच्यांत आणि भट्ट्यांत अडकलेले असते. ते दुसऱ्या गाडीला उपयोगी पडत नाही. आयातदाराचे भांडवल त्याच्या माणसांत, ओळखींत, दुरुस्तीच्या कर्मशाळांत आणि गावोगावच्या विक्रेत्यांच्या विश्वासात असते. गाडीवरचे नाव बदलले तरी तेवढे सगळे नव्या नावाच्या सेवेला लावता येते.

ते नवे नाव १९४८ साली आले, आणि येथे ह्या हकीकतीतला सर्वांत अवघड प्रसंग आहे. त्या वर्षाच्या १७ मार्चला दियेतेरेन ह्यांनी फोल्क्सवागेन गाड्या बेल्जियममध्ये आणण्याचा करार केला. तारीख लक्षात घ्या. जर्मन फौजांनी बेल्जियम १९४० साली व्यापले होते आणि ब्रुसेल्स मुक्त झाले ते ३ सप्टेंबर १९४४ रोजी. म्हणजे जर्मन सैनिकांचे बूट रस्त्यांवरून जाऊन चार वर्षेही झाली नव्हती. आणि गाडी तरी कोणती? हिटलरच्या राजवटीने ‘लोकांची गाडी’ म्हणून जिचा गाजावाजा केला ती. जिच्या कारखान्यात युद्धकाळात हजारो परदेशी माणसांना वेठीला धरून राबविले गेले, ती. तो कारखाना त्या वेळी ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत हाइन्रिख नॉर्डहोफ ह्यांनी त्याची सूत्रे हाती घेतली होती. बाहेरच्या देशांत ह्या गाडीचे विक्रेते तोवर बोटांवर मोजण्याइतकेच होते; पहिला हॉलंडमधील बेन पोन.

हा करार योग्य होता काय? ह्या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देण्याचे धाडस मी करीत नाही. एका बाजूने, युद्धात ज्यांच्या घरातील माणसे गेली त्यांच्यासमोर ती गाडी विकायला ठेवणे ही साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्या बाजूने, उद्ध्वस्त युरोपात माणसांना कामावर जायला आणि माल हलवायला स्वस्त, काटक गाडी हवी होती, आणि ती गाडी तशी होती. तिचे यंत्र हवेने थंड होई, त्यामुळे पाणी गोठून फुटण्याची भीती नसे. अमेरिकन गाड्या मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या, आणि डॉलरमध्ये किंमत मागणाऱ्या. व्यापाऱ्याने भावनेपेक्षा हिशेब पाहिला, हे तर खरेच. पण पुढील दहा-पंधरा वर्षांत हजारो बेल्जियन कुटुंबांनी तीच गाडी आपल्या पैशांनी विकत घेतली, हेही तितकेच खरे. तो हिशेब काही एकट्या व्यापाऱ्याचा नव्हता.

आयातदार हा केवळ हमालाप्रमाणे माल इकडून तिकडे नेतो, असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच बेन पोनची गोष्ट ऐकावी. कारखान्याच्या आवारात मजुरांनी स्वतःच्या सोयीसाठी छोट्या मोटारीच्या सांगाड्यावर फळी ठोकून एक सामानाची गाडी केली होती. हॉलंडच्या ह्या विक्रेत्याने ती पाहिली, आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या टिपणवहीत एक चित्र काढले: एक चौकोनी पेटी, पुढच्या टोकाला चालक, मागच्या टोकाला यंत्र, आणि मधली सगळी जागा मालाला. वजन दोन्ही टोकांना विभागलेले, म्हणून गाडी रिकामी असो वा भरलेली, तिचा तोल सारखाच. १९५० च्या मार्चमध्ये त्या चित्रातून फोल्क्सवागेनची मालवाहू गाडी प्रत्यक्षात उतरली. पाऊण टन माल वाहणारी ही गाडी युरोपभर पाववाल्यांच्या, रंगाऱ्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या दारात उभी राहिली. कारखान्यातील अभियंत्यांना रोज डोळ्यांसमोर असूनही जे दिसले नाही ते विक्रेत्याला दिसले, कारण त्याचा रोजचा संबंध गिऱ्हाइकाच्या पाठीवरील ओझ्याशी होता.

आता पुन्हा ब्रुसेल्सकडे वळू. युद्धानंतर बहुतेक युरोपीय सरकारांनी परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने घातली होती. तयार मोटार आणली तर जकात मोठी आणि परवाने थोडे. सुटे भाग आणून देशातच जुळणी केली, रंग, काच, टायर, गाद्या इथल्याच वापरल्या, तर सवलत. म्हणून दियेतेरेन ह्यांनी शहराच्या दक्षिण टोकाला जुळणीचा कारखाना बांधला. १९४९ साली तेथे प्रथम स्टुडबेकर जुळू लागल्या आणि १९५४ पासून फोल्क्सवागेन. ज्या भागात हा कारखाना आहे त्याला फ्रेंच बोलणारे लोक फोरे म्हणतात आणि डच बोलणारे फोर्स्ट. एकाच गावाची दोन नावे, पाट्या दोन भाषांत, आणि भाषेची सीमा कोठून जावी ह्यावर पिढ्यान् पिढ्या वाद. आम्हा सीमेवरच्या लोकांना हे फोडून सांगावे लागत नाही. कारखान्यासमोरील हमरस्त्याचे नाव मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. जिने ब्रुसेल्स सोडविले त्या ब्रिटिश सेनेच्या स्मरणार्थ त्याला ‘दुसऱ्या ब्रिटिश सेनेचा रस्ता’ असे नाव दिलेले आहे. त्या रस्त्यावर बेल्जियन मजूर जर्मन गाड्या जुळवीत होते.

अशा जुळणीच्या कारखान्यांचा प्रश्न त्याच सुमारास आपल्या देशातही उभा होता. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने अँटवर्पला १९२५ साली आणि मुंबईत शिवडीला १९२८ साली जुळणी सुरू केली, म्हणजे दोन्ही गावे जवळजवळ एकाच वेळी ह्या व्यवस्थेत आली. पुढे वाटा फुटल्या. १९५३ साली भारत सरकारने सांगितले की, येथे क्रमाक्रमाने संपूर्ण गाडी बनविण्याचा कार्यक्रम द्या, नुसती जुळणी चालणार नाही. जनरल मोटर्स शिवडी सोडून गेली. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेली कुर्ल्याची प्रीमियर कंपनी राहिली, आणि १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरास मालमोटारींचा पाया घातला. बेल्जियमने तो आग्रह धरला नाही. परक्यांनी यावे, जुळवावे, विकावे, आपल्या माणसांना मजुरी मिळावी, एवढ्यावर तो देश समाधानी राहिला. त्याचा लाभ त्याला पुष्कळ झाला. आपल्या मार्गाने आपल्याला गाड्या महाग आणि उशिरा मिळाल्या. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेले लोक अजून हयात आहेत. पण मालमोटार मात्र आपली झाली.

बेल्जियमच्या मार्गातला धोका १९६८ साली दिसू लागला. रोमच्या १९५७ च्या तहाने जी सामायिक बाजारपेठ उभी राहिली, तिच्या सहा देशांमधील अंतर्गत जकाती १ जुलै १९६८ रोजी पूर्णपणे रद्द झाल्या. जर्मनीतील तयार गाडी आता एक पैसा जकात न भरता ब्रुसेल्सला येऊ शकत होती. ज्या भिंतीमुळे फोरेचा कारखाना उभा राहिला ती भिंतच पडली. १९७० साली दियेतेरेन ह्यांनी तो कारखाना खुद्द फोल्क्सवागेनला विकला आणि स्वतःकडे विक्रीचा धंदा ठेवला. ह्या दोन गोष्टींचा संबंध मी लावतो आहे. पण व्यापाराचे गणित असेच बसते, असे मला वाटते.

त्यानंतरची पेढीची वाढ थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेक खरेदी-विक्रीच्या कराराची जंत्री आहे. १९८९ साली ती भाड्याने मोटारी देणाऱ्या एव्हिस कंपनीच्या युरोपातील शाखेत शिरली आणि २०११ साली बाहेर पडली. १९९९ साली तिने बेलरॉन घेतली. मोटारीची पुढची काच तडकली की ती बदलून देणे, एवढेच बेलरॉनचे काम, आणि ते काम तीसहून अधिक देशांत चालते. खडा उडून काच फुटायला गाडी कोणत्या कंपनीची आहे ह्याच्याशी काही कर्तव्य नसते. २०२१ साली माल उचलणाऱ्या काट्याच्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या टी.व्ही.एच. ह्या बेल्जियन पेढीचा चाळीस टक्के हिस्सा तिने घेतला. मध्येच २०१६ साली एक टिपणवह्यांची इटालियन कंपनीही घेतली, ती का, हे मला अद्याप उलगडलेले नाही.

आता त्या कारखान्याकडे पाहू. तेथे पुढे अनेक नमुन्यांच्या गाड्या बनल्या आणि दोन-तीन पिढ्यांनी तेथे हयात घालविली. पण निर्णय आता ब्रुसेल्समध्ये होत नव्हते. बेल्जियमला ह्याची पहिली मोठी चुणूक १९९७ साली दुसरीकडे मिळाली: रेनो कंपनीने व्हिल्व्होर्ड येथील आपला कारखाना बंद करण्याचे पॅरिसहून जाहीर केले आणि सुमारे तीन हजार लोकांना ते बातम्यांतून कळले. २००६ च्या नोव्हेंबरात फोरेची पाळी आली. तेथे बनणारी गोल्फ गाडी जर्मनीतच बनविण्याचे ठरले आणि सुमारे चार हजार जागा धोक्यात आल्या. पुष्कळ रदबदलीनंतर कारखाना फोल्क्सवागेनच्याच ऑडी ह्या शाखेकडे गेला आणि कमी माणसांनिशी चालू राहिला. जनरल मोटर्सचा अँटवर्पचा कारखाना २०१० साली बंद झाला, फोर्डचा गेंक येथील २०१४ साली. फोरेला विजेवर चालणारी गाडी मिळाली, २०१८ पासून ती तेथे बनू लागली, आणि लोकांना वाटले की आता पुढील पंचवीस वर्षांची चिंता मिटली. पण गाडी महाग, मागणी थोडी. २०२४ साली कारखाना बंद होण्याची चिन्हे स्पष्ट झाली.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात कामगारांनी तयार झालेल्या सुमारे दोनशे गाड्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि आमच्या भवितव्याचे काय ते सांगा, मग किल्ल्या मागा, असे म्हटले. दाबयंत्रे, पट्टे, यंत्रमानव ह्यांनी भरलेल्या त्या अवाढव्य आवारात कामगारांच्या हाती उरलेली वस्तू एवढीच होती. त्याच सप्टेंबरात दियेतेरेन पेढीने आपल्या भागधारकांना दर भागामागे ७४ युरो असा असाधारण लाभांश जाहीर केला. एकूण रक्कम सुमारे चार अब्ज युरो. घराण्यातील मालकीची नवी वाटणी सोयीने व्हावी हा त्यामागील एक हेतू. दोन्ही बातम्या एकाच शहरातल्या.

न्यायाने बोलायचे तर पेढीचा त्या कारखान्याशी मालक म्हणून चोपन्न वर्षे संबंध नव्हता. तिने तो वेळेवर विकला, हाच काय तो तिचा दोष म्हणावा, आणि वेळेवर विकणे हे व्यापारात दोष मानले जात नाही. तरीही त्या कामगारांतील एखाद्याचा आजोबा १९५४ साली ज्या मालकाच्या हजेरीपटावर होता तो मालक जगातील श्रीमंत घराण्यांत जाऊन बसला आणि नातवाच्या हातात किल्ली राहिली, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडता येत नाही म्हणून खोटी ठरत नाही.

फोरेचा कारखाना २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद झाला. सुमारे तीन हजार माणसांचे काम गेले. बेल्जियममध्ये मोटारी मोठ्या संख्येने बनविणारा कारखाना आता एकच उरला आहे, गेंटचा व्होल्वोचा. तोही जकातीच्याच कारणाने १९६५ साली तेथे आला होता, कारण स्वीडन त्या वेळी सामायिक बाजारपेठेच्या बाहेर होता. त्याच शहरात व्होल्वोच्या मालमोटारीही बनतात. मोटारींच्या कारखान्याची मालकी २०१० पासून चीनमधील जीली ह्या उद्योगसमूहाकडे आहे; मालमोटारींचा कारखाना स्वीडिश कंपनीनेच ठेवला.

फोरेहून शेवटची गाडी बाहेर पडल्यावर बेल्जियममधील ऑडी गाड्यांची विक्री थांबली नाही. त्या आता सगळ्याच्या सगळ्या बाहेरून येतात, आणि पूर्वीप्रमाणेच दियेतेरेन त्या आणतात.